'पासिंग' या शब्दाचा इतिहास, आणि जुनी गाडी घेताना तो का माहीत हवा

आजचा विषय एका शब्दाचा आहे: पासिंग.

सातारा-सांगलीकडं हा शब्द दोन अर्थांनी चालतो. "गाडी कुठल्या पासिंगची?" असं विचारलं की उत्तर येतं, "एमएच दहा." म्हणजे सांगली. एमएच अकरा म्हणजे सातारा, एमएच पन्नास म्हणजे कऱ्हाड. आणि ट्रकवाला, रिक्षावाला किंवा वडापचा जीपवाला म्हणतो, "उद्या गाडी पासिंगला न्यायची आहे." तिथं अर्थ वेगळा. गाडी आरटीओसमोर उभी करायची, ब्रेक, लाइट, टायर दाखवायचे आणि फिटनेसचा कागद घेऊन यायचं. एकच शब्द नोंदणीलाही आणि तपासणीलाही. हा घोळ आला कुठून?

माझ्या मते त्याचं मूळ कायद्यातच आहे. १९१४ साली देशभरासाठी पहिला मोटार कायदा झाला, आणि त्याच्या जागी १९३९ चा आला. त्या कायद्यात एक पक्की अट होती: भाड्यानं माणसं किंवा माल नेणाऱ्या गाडीकडं फिटनेस नसेल, तर तिची नोंदणीच वैध धरायची नाही. म्हणजे तपासणी चुकली की नोंदणीही लटकली. १९८८ च्या कायद्यानं कलम ५६ मध्ये तीच अट पुढं नेली. मग लोकांनी दोन्हीला एकच शब्द वापरला तर त्यात नवल काय?

त्या काळी आपल्या भागाचा नकाशाही वेगळा होता. सांगली पटवर्धनांचं संस्थान, औंध वेगळं, फलटण वेगळं. १९४८ ला ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, १९४९ ला दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. त्याच १९४८ च्या जून महिन्यात एसटीची पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर धावली. खंबाटकी, पसरणीसारखे घाट असलेल्या या मुलखात ब्रेक बघितल्याशिवाय गाडी सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. हे सांगायला कायदा लागत नव्हता, पण कायद्यानं ते कागदावर आणलं.

आता मुद्द्याची गोष्ट. ही सक्तीची, ठरावीक काळानं होणारी तपासणी कोणासाठी? भाड्याच्या, म्हणजे ट्रान्सपोर्ट गाड्यांसाठी. आजच्या नियमानुसार पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. खासगी कारचं काय? १९८८ च्या कायद्यात तिची नोंदणी १५ वर्षांची. ती संपली की गाडी दाखवायची, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मधल्या १५ वर्षांत ठरावीक मुदतीनं आरटीओकडं तपासणी नाही.

म्हणूनच ॲपवर गाडीचा नंबर टाकल्यावर "फिटनेस २०३१ पर्यंत" असं दिसलं की खूश होऊ नका. गाडी २०१६ ची असेल तर ते फक्त २०१६ अधिक १५ एवढं गणित आहे. २०१६ नंतर त्या गाडीचं चेसिस वाकलंय की इंजिन बदललंय, हे त्या तारखेला माहीत नसतं.

इंग्लंडमध्ये काय झालं बघा. तिथं १९६० ला 'एमओटी' नावाची चाचणी सुरू झाली. आधी दहा वर्षांच्या जुन्या गाड्यांना, आणि १९६७ पर्यंत ती अट तीन वर्षांवर आली. आता तिथं नुसता नंबर टाकला की दरवर्षीची चाचणी पास की नापास, कशात नापास आणि त्या दिवशी मीटरवर किती मैल होते, सगळं फुकट दिसतं. आपल्याकडं खासगी कारचा असा तयार इतिहास मिळत नाही. तो आपल्यालाच जमवावा लागतो, चार ठिकाणचे कागद एकमेकांशी ताडून.

पहिला कागद आरसी. मालक कितवा, बँकेचा बोजा उतरवलाय का, आणि गाडी आधी ट्रान्सपोर्टमध्ये होती का, हे बघा. वडापला किंवा टॅक्सीला पळालेली गाडी नंतर खासगी करून विकली जाते. अशा गाडीचे जुने फिटनेसचे कागद मागून घ्या. तिच्या बाबतीत तर खरोखरचा तपासणी-इतिहास असतो, तो का सोडायचा?

दुसरा, सर्व्हिसची नोंद. प्रत्येक तारखेला किलोमीटर लिहिलेले असतात. २०२१ ला ९० हजार आणि आज मीटरवर ६५ हजार असतील, तर तिथंच चहा पिऊन उठा.

तिसरा, विम्याच्या जुन्या पॉलिस्या. हा आपल्या भागात फार महत्त्वाचा. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती. जुलै २०२१ ला परत महापूर. कित्येक गाड्या पाण्यात गेल्या, आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात आल्या. आरसीवर पूर लिहिलेला नसतो. पण पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस' असतो. क्लेम न घेता पाच वर्षं गेली की तो ५० टक्क्यांपर्यंत जातो, क्लेम घेतला की शून्यावर येतो. २०१९ ला ४५ टक्के आणि २०२० ला शून्य दिसलं, तर मालकाला सरळ विचारा. मालक बदलल्यानंही तो शून्य होतो, म्हणून आरसीवरच्या तारखेशी जुळवून बघा. शिवाय सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर गाडी काय सांगतेय ते कळेल.

चौथा, पीयूसी. तो फक्त धुराचा कागद आहे. ब्रेकबद्दल तो काही बोलत नाही.

आणि व्यवहार झाल्यावर? "फॉर्मवर सह्या करून ठेवल्यात, सावकाश नावावर करा," हे वाक्य ऐकलंच असेल. कायद्यात एकाच राज्यातल्या व्यवहारासाठी विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच पक्कं केलं. गाडी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहिली, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर. अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी नोंदीवरच्या मालकावर आली. गाडी विकून मोकळा झालेला माणूस कागदावर मोकळा झालाच नव्हता.

म्हणजे १९३९ चा तो जुना धागा अजून तुटलेला नाही. रस्त्यावर गाडी कोणाकडं आहे यापेक्षा नोंदीत काय आहे, हे कायदा आधी बघतो. नोंद आणि तपासणी, दोन्ही अर्थांनी 'पासिंग' विचारा. ॲपवरची तारीख बघून झाली की ओळखीच्या मिस्त्रीला सोबत घ्या, गाडी एकदा घाटात चढवून-उतरवून बघा, आणि मगच विसार द्या.

भेटू पुढच्या भागात.