यंत्र बंद का पडते?

उघड्या कोळसा खाणीतला डंपर पाळीतला किती वेळ कामाला तयार असावा? कोल इंडियाचे खाण-नियोजन पाहणाऱ्या रांचीच्या सीएमपीडीआय या संस्थेचा प्रचलित निकष ६७ टक्के सांगतो. म्हणजे आठ तासांच्या पाळीत जवळजवळ दोन तास चाळीस मिनिटे डंपर दुरुस्तीत गेला तरी तो निकषात बसतो. शॉवेलसाठी हाच आकडा ८० आहे आणि ड्रॅगलाइनसाठी ८५. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा ढिलेपणा वाटतो, आणि थोडाफार तो आहेही. पण या चढत्या आकड्यांमागे विचार आहे. एका शॉवेलच्या दिमतीला चार-पाच डंपर असतात. त्यातला एक थांबला तर उरलेले फेऱ्या मारत राहतात. शॉवेल थांबला तर सगळी रांग उभी राहते. ड्रॅगलाइनच्या मागे तर रांगच नसते. माती-मुरूम खणणे आणि बाजूला टाकणे ही दोन्ही कामे ती एकटी करते, त्यामुळे तिच्या जागी उभे करायला दुसरे काहीच नसते.

विश्वासार्हताकेंद्री देखभाल ही विद्याशाखा इथूनच सुरू होते. यंत्र किती किमतीचे, किती जुने, कोणत्या कंपनीचे, हे तिच्या लेखी नंतरचे प्रश्न. आधी विचारायचे ते हे, की ते बंद पडले तर काय अडते? याच निकषांत ड्रिल ७८ टक्के वेळ तयार असावे आणि ४० टक्के वेळ प्रत्यक्ष चालावे असे म्हटले आहे. तयार ड्रिल निम्म्याच्या आसपास वेळ रिकामे उभे राहणार, हे गृहीतच धरले आहे. अशा ड्रिलची उपलब्धता आणखी पाच टक्क्यांनी वाढवण्यासाठी वर्कशॉपने घाम गाळला, तरी खाणीतून एक टन कोळसाही जास्त निघेलच असे नाही. मेहनती फोरमनला हे पटवणे अवघड जाते. या विषयात नव्याने येणाऱ्यांनी मात्र ते पहिल्याच दिवशी पचवलेले बरे.

यंत्राला माणसासारखे वय असते, ठरावीक तास भरले की ते खोलून नवे करावे, ही समजूत फार काळ टिकली. तिला पहिला मोठा तडा दुसऱ्या महायुद्धात गेला. ब्रिटनच्या कोस्टल कमांडच्या विमानांच्या नोंदी तपासताना कॉनरॅड वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना दिसले, की ठरावीक तासांच्या तपासणीनंतर लगेचच अचानक होणारे बिघाड वाढतात आणि मग हळूहळू कमी होत जातात. तपासणीने जर विमान सुधारत असते तर उलटे दिसायला हवे होते. सुस्थितीतल्या जोडण्या उघडल्या की परत बसवताना चूक व्हायला वाव मिळतो, हे त्यामागचे कारण.

पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सचे स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानाच्या तपासलेल्या भागांपैकी अवघ्या ११ टक्क्यांमध्ये वय आणि बिघाड यांचा धड संबंध दिसला. तब्बल ६८ टक्के भागांमध्ये बिघाडाची शक्यता नवे बसवल्यावर सर्वाधिक होती आणि नंतर ती खाली येऊन स्थिरावली. या अहवालाने शाखेला नाव दिले. १९९० च्या दशकात जॉन मौब्रे यांनी ती कारखान्यांपर्यंत आणि खाणींपर्यंत नेली, आणि १९९९ मध्ये तिच्या किमान कसोट्या ठरवणारे मानकही आले.

हे ११ आणि ६८ चे आकडे आपल्याकडच्या व्याख्यानांत मंत्रासारखे म्हटले जातात. मला ते खटकते. विमान धुळीत चालत नाही, दगड चावत नाही. मी राहतो त्या पंचकुल्यात घग्गर नदी शिवालिकच्या डोंगरांतून गोटे आणि रेती घेऊन उतरते, आणि ते गोटे फोडणारे क्रशर या जिल्ह्यात आहेत. जॉ क्रशरचे जबडे सहसा मँगनीज पोलादाचे असतात. रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये शोधलेले हे पोलाद मार बसेल तसे पृष्ठभागावर अधिक कठीण होत जाते. तरीही जबडा झिजतोच, आणि झिजतो तो मोजता येईल अशा चालीने. जाडी मोजत राहिले तर बदलण्याचा आठवडा आधी सांगता येतो. इथे वय आणि बिघाड यांचे नाते अगदी सरळ आहे.

त्याच क्रशरच्या बेअरिंगचे मात्र तसे नसते. एकाच दिवशी बसवलेल्या दोन बेअरिंगांपैकी एक वर्ष काढते आणि दुसरे महिन्यात जाते: ग्रीसमध्ये धूळ शिरलेली, पट्टा जास्त ताणलेला, बसवताना हातोडा मारलेला. तिथे कॅलेंडर कामाचे नाही. तिथे कंपन आणि तापमान यांची चाहूल घ्यावी लागते, आणि चाहूल लागल्यापासून प्रत्यक्ष मोडण्यापर्यंत किती वेळ मिळतो यावरून तपासणीचे अंतर ठरवावे लागते. एकाच यंत्रात दोन स्वभाव नांदतात, म्हणून सबंध यंत्राला एकच वेळापत्रक लावणे चूक. पावसाळ्यात नदीपात्रातले खोदकाम बंद असते आणि त्या काळात क्रशर पूर्ण खोलून टाकण्याचा मोह होतो. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतले बिघाड त्या सुट्टीत उघडलेल्या नटबोल्टांपर्यंत मागे नेता येतात का, हा कोणा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम प्रकल्प ठरेल. त्याला लागते ती एक वही आणि चिकाटी.

विदर्भात हा विषय आणखी मोठा होतो. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या वर्धा खोऱ्यातल्या खाणींवर काळ्या मातीचा थर आहे. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७ अंशांवर जातो आणि जुलैत तीच माती चिखल होऊन चाकांना धरते. डंपरच्या टायरची सोसण्याची ताकद टन-किलोमीटर-प्रतितास या मापात सांगतात: सरासरी भार गुणिले सरासरी वेग. हवा तापली की ही मर्यादा खाली येते. म्हणजे भर दुपारी तोच भार त्याच वेगाने वाहून नेणारा चालक नकळत टायर आतून भाजत असतो. डंपर ज्यावरून माल वाहतात त्या हॉल रोडचा चढ सर्वसाधारणपणे १६ ला १ पेक्षा तीव्र नसावा, हा नियम सुरक्षिततेसाठी आहे. पण चढ मर्यादेत राहिला, रस्त्यावरचे पडलेले दगड वेळेवर उचलले आणि खड्डे भरले तर टायर, सस्पेन्शन आणि चासी यांचे आयुष्यही वाढते. माझ्या मते ग्रेडर चालवणारा आणि पाण्याचा टँकर फिरवणारा हे दोघे खाणीचे बिनपगारी मेकॅनिक आहेत. वर्कशॉपच्या बैठकीला त्यांना बोलावण्याचा विचार मात्र क्वचितच होतो.

मोजमापाबद्दल थोडे. स्वीडनच्या वालोडी वायबुल यांनी १९५१ मध्ये मांडलेले वितरण या शाखेचे रोजचे हत्यार आहे. त्यातला एक घातांक एकाहून कमी आला तर बिघाड नवेपणातले, एकाच्या आसपास आला तर योगायोगाचे, एकाहून बराच मोठा आला तर झिजेचे. गणित अवघड नाही. अवघड आहे ते त्याला लागणारे खाद्य. लॉगबुकात ‘इंजिन प्रॉब्लेम, अटेंड केला’ एवढेच लिहिलेले असेल, तर जगातले कुठलेही सॉफ्टवेअर त्यातून काही काढू शकत नाही. कोणता भाग, किती तासांनी, कोणत्या खुणेने, आणि काढलेल्या जुन्या भागाची अवस्था काय होती, एवढे चार तपशील लिहिणारा फिटर हा या शास्त्राचा खरा संशोधक आहे. त्याला ते मराठीत लिहू द्यावे.

एका गोष्टीत मात्र ही शाखा काटकसर करू देत नाही. पर्यायी ब्रेक, आग विझवणारी यंत्रणा, मागे येताना वाजणारा भोंगा या गोष्टी बिघडल्या तरी डंपर नेहमीसारखा चालत राहतो. गरज पडेल त्या क्षणीच त्यांचा बिघाड कळतो. म्हणून त्या मुद्दाम चालवून पाहाव्या लागतात. ‘बंद पडेपर्यंत चालू दे’ हे धोरण दिव्याच्या बल्बला शोभते, या उपकरणांना नाही.

खाण अभियांत्रिकीचे विद्यार्थी, पाळीचे इनचार्ज आणि खरेदीच्या फायली हाताळणारे लेखापाल या सर्वांना या विषयात जागा आहे. लेखापालांना तर विशेष. कारण आता माती-मुरूम काढण्याचे पुष्कळ काम कंत्राटदारांच्या यंत्रांवर चालते, आणि काही मोठ्या यंत्रांच्या देखभालीचे करार उत्पादकांशीच होतात. अशा करारात उपलब्धतेचा टक्का लिहिलेला असतो, तो चुकला तर दंडही. पण यंत्राच्या बिघाडांचा इतिहास करार संपल्यावर कोणाकडे राहणार, याचे कलम घालण्याची आठवण राहत नाही, आणि कंत्राटदार बदलला की पुढच्या माणसाला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते.