डब्यातली चिठ्ठी

न्यू जर्सीतल्या ज्या सार्वजनिक ग्रंथालयात मी नोकरी केली, तिथे नव्या डिस्क तयार करून फडताळात लावण्याचं काम माझ्याकडे होतं. वेष्टण कापायचं, बारकोड चिकटवायचा, डिस्कच्या मधल्या कड्यावर ग्रंथालयाचं नाव लिहायचं आणि डब्यात अडकवलेली पातळ कागदाची चिठ्ठी काढून घ्यायची. त्या चिठ्ठीवर अक्षरं आणि आकडे मिसळलेला एक कोड असायचा. तो इंटरनेटवर भरला की तोच सिनेमा फोनवर, टॅबवर, कुठेही बघता यायचा. पण कोड एकदाच चालणार, मग शेकडो वाचकांपैकी तो द्यायचा कोणाला? म्हणून वरिष्ठांनी नियम केला होता की चिठ्ठी फाडून टाकायची. डिस्क घरी नेलेले लोक परत येऊन विचारत, ‘वर डिजिटल कॉपी लिहिलंय, आत तर काहीच नाही!’ काही जण खरोखर चिडत. त्यांचा राग मला कधीच क्षुल्लक वाटला नाही, कारण त्याची मुळं बरीच जुनी आहेत.

गाण्याची सीडी विकत घेतली की ती घरच्या संगणकात घालून गाणी उतरवून घेता येत. डीव्हीडीचं तसं नव्हतं. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी बाजारात आली ती कुलूप लावूनच. सीएसएस नावाची ती सांकेतिक व्यवस्था होती. १९९९ मध्ये नॉर्वेतल्या योन लेक योहान्सन या पंधरा वर्षांच्या मुलाचं नाव ती फोडणाऱ्या प्रोग्रॅममुळे जगभर झालं. पुढे त्याच्यावर खटला भरला गेला आणि तिथल्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. अमेरिकेत मात्र १९९८ च्या डीएमसीए कायद्याने असं कुलूप फोडण्यालाच बंदी घातली होती. डिस्क माझी, पैसे माझे, तरी माझ्याच टॅबवर बघण्यासाठी तिची प्रत काढायची सरळ वाट बंद. चिठ्ठीचा इतिहास इथून सुरू होतो. कुलूप स्टुडिओंनी लावलं होतं, त्यामुळे किल्ली देण्याची जबाबदारीही त्यांचीच होती. मी चिठ्ठीकडे फुकटची भेट म्हणून कधी पाहिलं नाही ते यामुळेच.

किल्ली यायला दहा वर्षं लागली. नोव्हेंबर २००७ मध्ये फॉक्सने ‘डाय हार्ड’ मालिकेतल्या चौथ्या सिनेमाच्या डीव्हीडीबरोबर संगणकावर उतरवता येईल अशी प्रत दिली. जानेवारी २००८ मध्ये ॲपलशी करार झाला आणि आयट्यून्समध्ये जाणारी प्रत डब्यात येऊ लागली. तेव्हा ती फाइल दुसऱ्या डिस्कवर असायची आणि कोड फक्त ती उघडण्यापुरता. निदान वस्तू तरी हातात होती. पुढे दुसरी डिस्क गेली, फाइल कंपनीच्या सर्व्हरवर राहिली आणि डब्यात उरला कागद. कागदावर बारीक अक्षरात मुदत छापलेली असे. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला डबा कोणी घेतला तर चिठ्ठी मिळायची, पण मेलेली.

ऑक्टोबर २०११ मध्ये अल्ट्राव्हायोलेट आलं. बहुतेक मोठे स्टुडिओ त्यात सामील झाले. एकदा कोड भरला की सिनेमा तुमच्या नावावर, मग तो कोणत्याही भागीदार दुकानातून बघा, घरातल्या सहा जणांत खातं वाटून घ्या, असं ते आश्वासन होतं. कल्पना चांगलीच होती. पण डिस्ने आत आलं नाही आणि ॲपलही नाही. डिस्नेने २०१४ मध्ये स्वतःची वेगळी व्यवस्था काढली, तीच ऑक्टोबर २०१७ मध्ये इतर चार स्टुडिओंना घेऊन मूव्हीज एनीव्हेअर झाली. पॅरामाउंट आणि लायन्सगेट तिच्या बाहेरच राहिले. ३१ जुलै २०१९ ला अल्ट्राव्हायोलेट बंद झालं. ज्यांनी आपलं खातं वेळेत दुसऱ्या दुकानाशी जोडून ठेवलं होतं, त्यांचे बहुतेक सिनेमे वाचले. ज्यांनी जोडलं नव्हतं, त्यांना काही सिनेमांवर पाणी सोडावं लागलं.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण मला वाटतं ते रेडबॉक्सचं. किराणा दुकानांच्या दारात उभ्या असलेल्या लाल यंत्रांतून ही कंपनी डिस्क भाड्याने द्यायची. तिने डिस्नेचे डबे दुकानातून रोख विकत घेतले, डिस्क भाड्याला लावली आणि आतली चिठ्ठी वेगळी विकायला काढली. डिस्नेने २०१७ च्या अखेरीस दावा लावला. डब्यावर छापलंच होतं की कोड विकता किंवा हस्तांतरित करता येणार नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायाधीश डीन प्रेगरसन यांनी मनाई हुकूम नाकारला. डब्यावर ओळ छापली म्हणजे गिऱ्हाईकाशी करार झाला असं होत नाही, हे त्यांनी सांगितलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोड वापरणाऱ्याकडे डिस्कही असलीच पाहिजे या अटीवर त्यांनी बोट ठेवलं. डिस्क विकून टाकायचा किंवा देऊन टाकायचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि तो वापरला म्हणून कोड जातो, हे त्यांना मान्य झालं नाही.

हा हक्क १९०८ मधला. बॉब्स-मेरिल या प्रकाशकाने ‘द कास्टअवे’ या कादंबरीत छापलं होतं की ही प्रत एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकणाऱ्यावर कारवाई होईल. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की प्रत एकदा विकली की पुढच्या विक्रीवर प्रकाशकाची सत्ता राहत नाही. आमची ग्रंथालयं, रद्दीतली पुस्तकं, आईने मुलीला दिलेली पुस्तकं, सगळं या तत्त्वावर उभं आहे. एकशे दहा वर्षांनी पुन्हा तसंच वाक्य डब्यावर छापून आलं. या वेळी शेवट वेगळा झाला. डिस्नेने अटींची भाषा बदलली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच न्यायाधीशांनी त्यांना मनाई हुकूम दिला. त्या बातमीनंतर ग्रंथालयात चिठ्ठ्या फाडताना मला फार वाईट वाटायचं. पुस्तकाचं एकही पान फाडायला आम्हाला कोणी सांगितलं नसतं.

काही डब्यांत चिठ्ठी मुळातच नसते, आणि त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. क्रायटेरियन या कंपनीने २०१५ मध्ये सत्यजित राय यांची अपू त्रयी ब्लू-रेवर आणली. लंडनमधल्या एका आगीत होरपळलेल्या मूळ निगेटिव्हवरून काम करून ती उभी केलेली होती. आमच्या ग्रंथालयात तो संच आला, आत पुस्तिका होती, कोड नव्हता. डिस्क काढण्याचे हक्क आणि इंटरनेटवर दाखवण्याचे हक्क यांचे करार वेगवेगळे असतात, आणि क्रायटेरियनने डब्यावर तसं वचनही दिलेलं नव्हतं. माझी तक्रार आहे ती वचन छापून आत रिकामं ठेवणाऱ्यांबद्दल.

एकदा भाचीसाठी म्हणून मी एक डबा घेतला होता. तिला पुण्याला कोड पाठवायचा आणि डिस्क आमच्याकडे ठेवायची, असा बेत होता. वर ‘डिजिटल’ची चकाकती पट्टी, आत चिठ्ठी नाही. कंपनीने पावतीचा आणि डब्याच्या कण्याचा फोटो मागवला, बऱ्याच दिवसांनी कोड पाठवला, आणि तो पुण्यात चालेना, कारण तो फक्त अमेरिकेपुरता होता. भाची म्हणाली, ‘मावशी, राहू दे गं, मी इथे बघते कुठेतरी.’ इथली डीव्हीडी पाठवावी तर डीव्हीडींसाठी केलेल्या जगाच्या विभागणीत अमेरिका पहिल्या विभागात आणि भारत पाचव्या, म्हणजे तिथल्या साध्या प्लेअरवर तीही नीट चालण्याची खात्री नाही. भारतात २००७ मध्ये मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणून घरोघरी सिनेमे पोचवले होते. त्या पाकिटांत चिठ्ठी नव्हती आणि मुदतही नव्हती. २०१८ मध्ये ती कंपनी अवसायनात गेली, पण तिने विकलेली तबकडी अजूनही त्याच प्लेअरवर लागते.

२०२३ च्या सप्टेंबरात नेटफ्लिक्सने टपालाने डिस्क पाठवणं थांबवलं, २०२४ मध्ये बेस्ट बाय या दुकानांच्या साखळीने सिनेमांच्या डिस्क विकणं सोडलं, त्याच वर्षी रेडबॉक्स दिवाळखोरीत बुडालं. डिस्क घेणारे जे थोडे उरले आहेत ते चढी किंमत मोजून घेतात, आणि त्या किमतीत चिठ्ठी धरलेली असते. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून एक नियम लागू केला आहे. जी डिजिटल वस्तू नंतर काढून घेता येते तिच्यावर ‘विकत घ्या’ असं लिहायचं असेल, तर हा फक्त परवाना आहे हे गिऱ्हाईकाला आधी स्पष्ट सांगावं लागतं. तोच नियम डब्यावरच्या पट्टीलाही लावा, असं मी म्हणते. कोड कोणत्या देशात चालतो, कोणत्या तारखेपर्यंत चालतो आणि कोणत्या व्यवस्थेत जमा होतो, हे वेष्टण न फाडता वाचता येईल अशा अक्षरात छापा. आणि आत चिठ्ठी निघाली नाही तर दुकानाने उघडलेला डबाही परत घेतला पाहिजे.