मालाची हजेरी

दुकानदाराच्या वहीत माल शिल्लक दिसतो आणि गिऱ्हाईक मागते तेव्हा तो फळीवर नसतो, हे व्यापारातील फार जुने दुखणे आहे. दुकान बंद ठेवून नगाला नग मोजावा, एवढाच त्यावर उतारा होता. ही मोजदाद रेडिओ-लहरींवर कशी सोपवली गेली, तो इतिहास आज पाहावयाचा आहे.

मूळ कल्पना बाजारातली नव्हे, रणांगणावरची. दुसऱ्या महायुद्धात रडारवर विमान दिसे. पण ते आपले की शत्रूचे, हे कळत नसे. म्हणून ब्रिटिशांनी विमानात असे यंत्र बसवले, की रडारची लहर पोचताच ते ओळखीचे उत्तर धाडी. पुढे १९४८ साली हॅरी स्टॉकमन यांनी दाखवून दिले, की उत्तर देणाऱ्याजवळ स्वतःची वीज नसली तरी चालेल. आलेली लहरच परतवून निरोप देता येईल. पण त्यासाठी लागणारी इवलीशी चकती तेव्हा कोठे होती? आज टोलनाक्यावर फास्टॅगची पट्टी याच तत्त्वावर उत्तर देते.

दरम्यान १९७४ साली ओहायोतील ट्रॉय गावी च्युइंगगमच्या पुडक्यावरील काळ्या रेघा प्रथम वाचल्या गेल्या. पण रेघा मालाची जात सांगतात, व्यक्ती नव्हे. शिवाय प्रत्येक नग यंत्रासमोर धरावा लागतो. पुढे प्रॉक्टर अँड गँबलच्या केव्हिन अ‍ॅश्टन यांना आढळले, की एका रंगाचा लिपस्टिक दुकानात सदा संपलेला, आणि वखारीत मात्र भरपूर! त्यांच्या सहभागाने १९९९ साली एम.आय.टी.त संशोधनकेंद्र निघाले. प्रत्येक नगाला स्वतंत्र क्रमांक देणारी स्वस्त रेडिओ-चिठ्ठी करावी, हा त्याचा हेतू.

२००३ साली वॉलमार्टने आपल्या शंभर मोठ्या पुरवठादारांना फर्मावले, की जानेवारी २००५ पासून खोक्यांवर या चिठ्ठ्या हव्यात. येथेच खरी अडचण उभी राहिली. धातू लहरी परतवतो, पाणी त्या गिळते. त्यामुळे डबे आणि बाटल्या नीट वाचल्या जाईनात. शिवाय चिठ्ठीचा खर्च पुरवठादाराचा, आणि लाभ बव्हंशी दुकानाचा! अर्कान्सास विद्यापीठाच्या २००५ च्या पाहणीत फळीवरील तुटवडा १६ टक्क्यांनी घटलेला आढळला. तरी हुकमाचा जोर ओसरला. यश आले ते कापडबाजारात. कापड लहर अडवीत नाही, आणि मापे व रंग इतके, की मोजदाद जिकिरीचीच.

पण २००३ सालीच बेनेटन कंपनीच्या कपड्यांत चिठ्ठ्या बसणार, अशी वार्ता येताच बहिष्काराची हाक उठली आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. ग्राहकांची शंका साधी होती: दुकानात सदऱ्याची हजेरी घेणारी चिठ्ठी सदऱ्याबरोबर घरी आली, तर हजेरी कोणाची लागणार?

माल मोजावा, यात वाद नाही. परंतु मोजणीचा खर्च कोणी सोसायचा आणि ती कोठे थांबवायची, हे यंत्र सांगत नाही. ते आपणच ठरवावयाचे असते.