उरणची वायुवाहिनी आणि एकत्रित परिणामांचा प्रश्न

मीरा-भाईंदरच्या हाटकेशसारख्या वस्त्यांत नळाने येणारा नैसर्गिक वायू निर्धूर जळतो. त्याच्या पुरवठ्याचा पूर्वेतिहास मात्र मुंबई बंदरापलीकडे, उरणला घडला. १९७४ साली बॉम्बे हाय येथे खनिज तेल सापडले व १९७८ मध्ये सागरतळावरील वाहिन्या उरणला पोहोचल्या. पाठोपाठ १९८२ मध्ये वायूवर चालणारे वीजकेंद्र आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. मुंबईत कोळसा व जड तेल यांची जागा या वायूने काही अंशी घेतली, हा लाभ मान्य केलाच पाहिजे. तथापि उरणची शेते, खाजणे व तिवरांची बने क्रमाने भरावाखाली गेली.

पर्यावरणीय पूर्वमंजुरी बंधनकारक झाली १९९४ साली, म्हणजे ही मूळ कामे उभी राहिल्यावर. २००६ च्या अधिसूचनेतील अर्जात एकत्रित परिणामांविषयी पृच्छा आली. परीक्षा मात्र प्रकल्पागणिक स्वतंत्रच राहिली. बंदराचा विस्तार होताना भरतीच्या पाण्याच्या वाटा बुजल्या, तेव्हा कोळी मच्छीमारांनी दाद मागितली. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई ठरविली व तिचा भार बंदर, तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळ व सिडको या तिघांत विभागला.

हानीची वाटणी अशी एकत्र होऊ शकते, तर हानीचा अंदाजही एकत्र बांधणे शक्य होते. प्रकल्पाऐवजी संपूर्ण खाडी हे परीक्षेचे एकक धरले असते, तर हा हिशेब मंजुरीपूर्वीच मांडावा लागला असता.