मोफत विधी सहाय्य, पॅनलवरील वकील आणि अशिलाची पसंती : पुण्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

पुण्याच्या नारायण पेठेतील गायकवाड वाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये विकत घेतला. तोच पुढे केसरी वाडा म्हणून ओळखला जाऊ लागला. ‘केसरी’तील लेखांवरून १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा टिळकांनी स्वतःच २१ तासांहून अधिक काळ बचावाचे भाषण केले. कायद्याच्या पदवीधरालाच ते शक्य होते. (त्यांना शिक्षा ठोठावणारे न्यायमूर्ती दावर हेच १८९७ च्या खटल्यात त्यांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते!) १८९७ मध्ये बचावासाठी बंगालमधूनही वर्गणी आली होती. त्याआधी १८७९ मध्ये पुण्यातच वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी घेतले. मात्र ही सर्व मदत नामांकित आरोपींना आणि वकिलाच्या धैर्यावर विसंबून मिळालेली होती. अनामिक कैद्याचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई सरकारने १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला. तथापि निर्णायक वळण येरवड्याशी निगडित आहे. हॉस्कॉट प्रकरणात उच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालाची प्रत येरवडा कारागृहात पोहोचली. परंतु शिक्षामाफीच्या अर्जाला जोडण्यासाठी ती कैद्याकडून परत घेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयात अर्ज करण्यास चार वर्षांहून अधिक विलंब झाला. १७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अर्ज फेटाळला, पण निकालाची प्रत मोफत मिळणे आणि वकील नेमण्यास असमर्थ कैद्याला न्यायालयाने वकील देणे हे न्याय्य कार्यपद्धतीचे अंग ठरविले. त्या वकिलाचे शुल्क राज्याने द्यावे, असेही म्हटले. मात्र त्या वकिलास कैद्याची हरकत नसावी, ही अट त्यात होती. आजवरच्या चर्चेत या अटीकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती आदी त्याखाली सहाय्यास पात्र ठरल्या. खासगी व्यवसाय करणाऱ्या वकिलांतूनच पॅनल निवडले जाते. २०१० च्या विनियमांनुसार वकिलीचा किमान तीन वर्षांचा अनुभव आवश्यक असून पॅनलची पुनर्रचना तीन वर्षांनी होते. शुल्क प्राधिकरण देते. अशिलाकडून काहीही घेण्यास वकिलास मनाई आहे. ज्याचे वकीलपत्र घेण्यास वकील धजावत नव्हते त्या कसाबसाठीही उच्च न्यायालयात २०१० मध्ये विधी सेवा यंत्रणेमार्फत वकील नेमले गेले. १८७९ मध्ये जे एका व्यक्तीच्या धैर्यावर अवलंबून होते, ते आता संस्थेचे कर्तव्य झाले.

अशिलाच्या पसंतीबाबत मात्र विनियमांची भाषा सौम्य आहे. पॅनलवरील एखादा वकील अशिलाने सुचविल्यास सचिव त्याचा विचार ‘करू शकतात’. हॉस्कॉट निकालातील हरकतीचा हक्क येथे सचिवांच्या विवेकाधीन झाला आहे.