ज्वारी भरून मिळवलेला हक्क

कस्तुरबांच्या निधनानंतर वर्ध्याजवळ सेवाग्रामला त्यांच्या नावाने बायका-मुलांसाठी छोटा दवाखाना निघाला. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीला, डॉ. सुशीला नय्यर यांनी तिथेच मेडिकल कॉलेज काढले.

इथले विद्यार्थी खादी घालतात. सुरुवातीचे दिवस आश्रमात राहून झाडलोट, सूतकताई करतात. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे मुक्काम करून घरोघरी जाते. बाईच्या अंगात रक्त कमी का, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि तिच्या चुलीपाशी बसून समजणे वेगळे. रक्त तपासून हत्तीरोग ओळखण्याचे संशोधनही इथे झाले.

मला सगळ्यात मोठी वाटते ती ज्वारीची विमा योजना. हातात रोकड नसली तरी सुगीनंतर घरात धान्य असते. म्हणून गावांनी ज्वारी जमा केली. जास्त शेतीवाल्याची जास्त, भूमिहीनाची थोडी. त्यामुळे दवाखान्यात गेलेल्या बाईला हात पसरावा लागला नाही. तिचा वाटा आधीच भरलेला होता.

आपल्या बचत गटाचेही तेच आहे. पुढच्या बैठकीत एवढे ठरवा : दुखण्याखुपण्यासाठी दरमहा वेगळे किती ठेवायचे?