दारूचे शिंग

गेल्या पावसाळ्यापूर्वी पातूर येथील एका परिचित कुटुंबात कौले शाकारण्याचे काम चालले होते. माळ्यावरची अडगळ उतरविताना एक काळेभोर, वाकडे शिंग हाती लागले. रुंद टोकास लाकडी गुडदी बसविलेली, निमुळत्या टोकास बारीक तोंड, आणि अंगावर कोरलेली नक्षी : तीन आडवी कडी, ठिपक्यांची वेल व मान मागे वळवून पाहणारा मोर. मी भेटीस गेलो तेव्हा ते ओट्यावर ठेवलेले होते. घरच्या आजीबाई म्हणाल्या, "मामंजींचं दारूचं शिंग आहे ते." नातवंडे हसू लागली. सूनबाई ओशाळून म्हणाल्या, "फादर, आमच्या घराण्यात कोणी पिणारं नव्हतं हो." तेव्हा आजीबाईंना सांगावे लागले, की ही बाटलीतली नव्हे, बंदुकीची दारू.

एका शब्दाचा अर्थ दोन पिढ्यांत पुसला गेला होता. भंगारवाला शिंगाचे काही रुपये देण्यास तयार होता. "ठेवावं की देऊन टाकावं?" असे त्यांनी मला विचारले. उत्तर देण्यापूर्वी ही वस्तू काय होती हे पाहणे मला अगत्याचे वाटले.

बंदुकीची काळी दारू सोरा, गंधक व कोळसा या तीन पदार्थांची. शंभर भागांत साधारणतः पंच्याहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. सोरा जुन्या भिंतींच्या व गोठ्यांच्या मातीतून पाण्याने काढीत. कोळसा हलक्या लाकडाचा लागे. आपल्या देशात तुरीच्या तुराट्यांचा कोळसा त्यासाठी नावाजलेला होता. वऱ्हाडच्या शेतकऱ्यास परक्या वाटाव्यात अशा या वस्तू नव्हेत. मात्र अशी दारू ओल लागली की निकामी होते आणि ठिणगी पडली की मालकाचाच घात करते. शिंगात पाणी शिरत नाही, ते वजनास हलके असते आणि लोखंडाप्रमाणे घर्षणाने ठिणगी देत नाही. म्हणून जगात जिथे जिथे बंदूक गेली, तिथे तिथे बहुधा तिच्यामागून शिंगही गेले. शिंग पाण्यात उकळून आतील हाड सैल करून काढीत, उष्णतेने मऊ झाले असता त्यास आकार देत, बाहेरून तासून गुळगुळीत करीत आणि मग नक्षी कोरीत.

तोड्याच्या बंदुकीस दोन प्रकारची दारू लागे. जाडसर दारू मापाने नळीत ओतून वर गोळी सोडावयाची व गजाने ठासावयाची. बारीक दारू, जिला रंजक म्हणत, ती नळीच्या बाजूच्या लहानशा पेल्यात घालावयाची. जळत्या तोड्याने रंजक पेटे, तिची ज्वाळा कानातून, म्हणजे नळीच्या छिद्रातून, आत शिरे आणि बार उडे. हे सारे आज लोपले आहे, परंतु आपल्या बोलण्यातून लोपलेले नाही. आपण एखादी गोष्ट "ठासून" सांगतो, कोणाचा "बार फुसका" निघतो, आणि लग्नाचाही "बार उडवून" देतो. ज्यांनी उभ्या जन्मात बंदूक पाहिली नाही, त्यांच्याही तोंडी बंदुकीची भाषा आहे.

पातूरला अशी वस्तू सापडावी यात नवल नाही. अकोल्याच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर, घाटाच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यातील काळी सपाट भूमी, म्हणजे पयानघाट. दक्षिणेस वाशीमकडील डोंगराळ बालाघाट. डोंगरात कोरलेली लेणी, टेकडीवरील रेणुकामातेचे देऊळ आणि शेख बाबू यांचा दर्गा ही या वाटेच्या प्राचीनतेची साक्ष होत. खालचा मुलूख आणि वरचा मुलूख यांच्या सीमेवरचे हे ठिकाण, आणि सीमेवरच्या गावास शस्त्र चुकत नाही.

१५९६ साली अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड मोगलांना दिले. दर्ग्याच्या लेखात अब्दुर्रहीम खानखानान याने १६०६-०७ च्या सुमारास केलेल्या दुरुस्तीची नोंद आहे. १७२० मध्ये बाळापूरजवळ निजाम-उल्-मुल्क व आलम अली खान यांची लढाई झाली. पुढे नागपूरकर भोसले आणि निजाम या दोघांचा अंमल एकाच प्रांतावर चालला आणि रयतेस दोन धनी झाले. १८०३ च्या २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. इंग्रजांच्या कवायती पलटणी तोवर कागदी काडतुसे वापरीत होत्या. त्यांच्या शिपायास शिंगाची गरज उरली नव्हती. शिंग राहिले ते पेंढारी, नाईक, गावचे जागले व रानातले शिकारी यांच्या खांद्याला.

मोठ्यांच्या घरच्या वस्तूंना वेगळे भाग्य लाभले. मोगल काळातील हस्तिदंती रंजकदाने आज देशोदेशीच्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेली आहेत. एकाच दाण्यात हरीण, वाघ, हत्ती, पक्षी एकमेकांत गुंफलेले. ज्यांची शिकार व्हावयाची तेच प्राणी शिकारीच्या साधनावर कोरलेले. गुजरातकडे शिंपल्यांची, राजस्थानात चामड्याचीही दारूदाने होत.

सातासमुद्रापलीकडे उत्तर अमेरिकेतही असेच एक सरहद्दीचे जीवन होते. इंग्रज व फ्रेंच यांच्यात १७५४ ते १७६३ या काळात तेथे युद्ध झाले. त्या वेळच्या शिपायांनी व वसाहतकऱ्यांनी बैलाच्या शिंगांवर नद्या, किल्ले, गावे यांचे नकाशे कोरले. त्याबरोबर आपले नाव आणि सालही कोरले. म्हणून आज दोनशे साठ वर्षांनंतरही एखाद्या साध्या शेतकऱ्याच्या मुलाचे नाव त्या शिंगावर वाचता येते.

पातूरचे शिंग मी उलटसुलट करून पाहिले. त्यावर नाव नव्हते. कोरणाऱ्याचा हात कच्चा नव्हता. मोराची मान तर फारच सुरेख उतरली होती. परंतु ज्या हाताला मोर येत होता, त्याला अक्षर शिकविण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. दर्ग्याच्या दगडावर खानखानानाचे नाव राहिले. त्याच्या सैन्यात दारूचे शिंग वाहणाऱ्या हजारोंपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. इतिहासाचा अन्याय तलवारीइतकाच लेखणीनेही होतो.

इंग्रजी अमदानीत १८७८ च्या कायद्याने बंदुकीस परवाना आला. तरीही पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक शेतकऱ्याकडे राहिली. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची तरतूद ठेवलेली आहे. आजीबाईंचे सासरे त्यातलेच एक. तुरीत व ज्वारीत शिरणाऱ्या रानडुकरांसाठी ते रात्री माळ्यावर बसत. शिंग घरच्याच रेड्याचे होते, हे आजीबाईंना पक्के आठवत होते.

मग त्यांनी आवाज उतरवून आणखी एक गोष्ट सांगितली. एका अंधाऱ्या रात्री धुऱ्याजवळ काही हलले, सासऱ्यांनी बार काढला आणि सकाळी पाहतात तो शेजाऱ्याचा बैल मरून पडलेला. कोणी पाहिले नव्हते. दोष रानातल्या एखाद्या चोरट्या शिकाऱ्यावर सहज ढकलता आला असता. ते मात्र शेजाऱ्याच्या दारात गेले, झाले ते सांगितले आणि आपल्या जोडीतला एक बैल सोडून त्याच्या दावणीला बांधला. त्या वर्षी त्यांची पेरणी मागे पडली. बंदूक त्यांनी सरकारात जमा केली, शिंग माळ्यावर टाकले, आणि पुन्हा त्याचे नाव घेतले नाही. मुलाला आणि नातवंडांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

मी जे उत्तर दिले ते असे. प्रथम, शिंगात जुनी दारू उरली असल्यास ती कोरडी राहून आजही पेट घेऊ शकते. म्हणून ते विस्तवाजवळ नेऊ नये व खिळ्याने खरवडू नये, जाणकारास दाखवावे. दुसरे, शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावशेष ठरू शकते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही व ती परदेशी पाठविता येत नाही. तिसरे आणि मुख्य म्हणजे, तिच्याविषयी जे ठाऊक आहे ते आजच लिहून ठेवावे.

ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मग्रामात विवाहाची व बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवण्याचा दंडक घातला. त्यामुळे राजाच्या दफ्तरात ज्यांना कधी जागा मिळाली नसती, अशा कोळ्या-कुणब्यांची नावे आमच्या वह्यांत राहिली. त्या वह्या हाताळून माझी एक खात्री झाली आहे, की गरिबाचे नाव लिहून ठेवणे हेही धर्मकार्यच होय. शमुवेलाने दाविदाचा अभिषेक केला तोही शिंगातील तेलानेच. शिंगाला स्वतःचा धर्म नसतो. त्यात काय भरले आणि कोणी वाहिले, यावर त्याची किंमत ठरते.

त्याच संध्याकाळी नातीने वहीचे पान फाडले आणि आजीबाई सांगू लागल्या. सासऱ्यांचे नाव, गाव, रेड्याचे शिंग, शेताचा धुरा इथवर सारे उतरले. बैलाच्या गोष्टीपाशी आल्यावर त्या थांबल्या. "हेही लिहू, आजी?" नातीने विचारले. आजीबाईंनी थोडा वेळ शिंगावरच्या मोराकडे पाहिले आणि म्हणाल्या, "लिही. तेच आधी लिही."